आधी चाळीस, मग साठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 साली, अस्पृश्य गणल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्या तत्त्वाविषयी वाद नाही. वाद आहे तो पैसा कोणी द्यावयाचा याचा. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जेवढा खर्च झाला असेल तेवढा पुढे राज्याने सोसावा, त्यावरचा काय तो केंद्राने द्यावा, असा दंडक दीर्घकाळ होता. म्हणजे ज्या राज्याने अधिक मुले कॉलेजात धाडली, त्याच्याच तिजोरीवर अधिक भार! डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 60 टक्के केंद्र व 40 टक्के राज्य अशी वाटणी ठरवून पाच वर्षांसाठी 59,048 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हे उचितच झाले.

परंतु राज्याचा वाटा जमा झाल्यावाचून केंद्राचा वाटा हलत नाही. आणि 2021-22 पासून तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. रक्कम रखडली की कॉलेजचा कारकून फी मागतो, विद्यार्थी बँकेचे रिकामे पासबुक दाखवितो. कारकुनाला तरी दोष कसा द्यावा? त्यालाही वरून तगादा असतोच.

उत्पन्नाची मर्यादा 2013 मध्ये वर्षाला अडीच लाख ठरली. 2021 च्या नियमांतही ती तेवढीच राहिली. महिन्याला हे 21 हजारही होत नाहीत. आईबाप दोघेही मजुरीला जात असतील, तर तेवढ्यानेच मुलगा कागदोपत्री सधन ठरू शकतो.