माहुरझरी : मणी, घोडे आणि शिळावर्तुळांचे गाव

नागपूरहून काटोलकडे जाणारा रस्ता शहर सोडून गोरेवाड्याचे जंगल ओलांडतो आणि सपाट, काळ्या टेकड्यांच्या मुलखात शिरतो. या रस्त्याच्या परिसरात, नागपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, माहुरझरी हे लहानसे खेडे आहे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन यांची वावरे, मधूनमधून संत्र्याच्या बागा आणि त्यांच्या वर मुरमाड बरड. विदर्भातल्या शेकडो खेड्यांसारखेच हे एक. मात्र पुरातत्त्वाच्या कोणत्याही प्रमाणभूत ग्रंथात लोहयुगाचे प्रकरण उघडले, तर या खेड्याचे नाव तेथे हमखास भेटते. असे का व्हावे? या गावच्या दगडापाण्यापासून सुरुवात केली तर उत्तर सापडते.

दोन खडकांच्या सीमेवर

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थिजला. हे थर एकावर एक साचत गेले. पश्चिमेला सह्याद्रीत त्यांची जाडी प्रचंड आहे. पूर्वेकडे येताना ती कमी होत जाते, आणि नागपूरच्या आसपास हे आवरण संपते. शहराच्या मध्यभागी असलेली सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. तेथून पूर्वेला गेलो की फार जुने ग्रॅनाइटसारखे नाइस खडक लागतात. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आणि कोळसा, त्यापलीकडे मनसरचे मँगनीज. एका दिवसाच्या सहलीत इतक्या निरनिराळ्या काळांतले खडक दाखवता येतील अशी शहरे देशात थोडीच असतील.

माहुरझरी या सीमेच्या पश्चिमेला, म्हणजे बेसाल्टच्या बाजूला येते. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर सिलिका येते आणि या पोकळ्यांत थराथराने साचते. त्यातून अकीक, कार्नेलियन, स्फटिक, जास्पर असे देखणे दगड तयार होतात. भोवतालचा बेसाल्ट झिजून माती होतो. सिलिकेचे हे गोळे कठीण असल्याने टिकतात आणि ओढ्यानाल्यांत, वावरात, धुऱ्यावर विखुरलेले सापडतात. मुले ज्यांना गारगोट्या म्हणून खिशात भरतात, त्या याच.

गावाच्या नावात ‘झरी’ आहे, तीही अर्थपूर्ण आहे. लाव्ह्याच्या एका थराचा वरचा भाग सच्छिद्र, भेगाळलेला असतो. त्याखालचा घट्ट असतो. कधी दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टाही असतो. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थराशी अडते आणि टेकडीच्या उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नागपूरला वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने वस्तीला पाणी पुरवायचे तर असा झरा हवा.

थोडक्यात, जवळ पाणी, उताराच्या पायथ्याशी पिकाऊ माती, वर गुरांना चरायला माळ आणि पायाखाली रंगीत दगड अशी ही जागा होती. माणसाने ती फार लवकर हेरली.

बरडावरची वर्तुळे

माहुरझरीच्या परिसरात माळावर मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले दिसतात. ही शिळावर्तुळे होत. असे एक वर्तुळ सामान्यतः दहा ते वीस मीटर व्यासाचे असते. आतला भाग किंचित उंचवट्यासारखा असतो; त्यात गोटे आणि चिकट काळी माती भरलेली असते. ही मृतांची स्मारके आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरू लागलेल्या लोकांनी ती उभारली. मोठ्या दगडांच्या या बांधकामांवरून त्या संस्कृतीला महापाषाणीय संस्कृती असे नाव पडले आहे.

वर्तुळांच्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ती बहुधा बरडावर आहेत. काळ्या कसदार जमिनीवर क्वचितच. पिकाऊ जमीन जिवंतांसाठी राखायची आणि मृतांना नापीक, पण दगड मुबलक असलेला माळ द्यायचा, असा हिशेब त्यामागे दिसतो.

या वर्तुळांकडे अभ्यासकांचे लक्ष जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. नागपुरात शिक्षणकार्य करणारे आणि येथील जीवाश्मांचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप हे १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेले होते. परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात ते बुडून मरण पावले. त्यानंतर रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणी येथील वर्तुळे उकरली आणि त्यांविषयी १८७९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. जुनापाणीही काटोल रस्त्यालाच; तेथे सुमारे तीनशे वर्तुळांची नोंद झाली होती. काही गोट्यांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते दिशा किंवा ऋतू ओळखण्यासाठी असावेत, असा तर्क काही खगोल-अभ्यासकांनी मांडला आहे.

माहुरझरीत पद्धतशीर उत्खनन केले ते नागपूर विद्यापीठाने. प्रा. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० ते १९७२ या काळात हे काम झाले. पुढे २००१ नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. आर. के. मोहंती यांनी येथे पुन्हा उत्खनन केले. वर्तुळांतून मानवी सांगाड्यांबरोबर काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याची मूठ असलेले लोखंडी खंजीर, सोन्याचे थोडे दागिने आणि असंख्य मणी मिळाले. सर्वांत लक्षवेधी होते घोडे. मृताबरोबर घोडा पुरलेला, तोंडात लगामाची लोखंडी कडी आणि मस्तकावर तांब्याच्या पत्र्याचा अलंकार. काही हाडांवर कापल्याच्या खुणा असल्याने, मालकाच्या मृत्यूनंतर घोड्याचा बळी दिला जात असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

घोडा हा विदर्भाच्या रानातला प्राणी नव्हे. तो बाहेरून आणावा लागतो, पोसावा लागतो. तांबे आणि सोने यांचेही तसेच. यावरून दोन गोष्टी कळतात. या लोकांचा दूरच्या प्रदेशांशी संबंध होता; आणि त्यांच्यात काही माणसांना इतरांहून मोठा मान होता. कारण घोडा सगळ्याच वर्तुळांत मिळत नाही.

दगडाचा मणी कसा होतो?

दूरच्या वस्तू मिळवायच्या तर बदल्यात काहीतरी द्यायला हवे. माहुरझरीकडे मणी होते. येथे केवळ तयार मणी मिळाले असे नाही. अर्धवट घडलेले, छिद्र पाडताना फुटलेले मणी आणि दगडाच्या कपच्याही मिळाल्या. कारखाना ओळखण्याची हीच खूण. एखाद्या घरात शिवलेला सदरा सापडला तर तेथे सदरा घालणारा राहत होता एवढेच कळते. कापडाच्या चिंध्या सापडल्या तर तेथे शिंपी होता असे म्हणता येते.

कार्नेलियनचा मूळ दगड पुष्कळदा पिवळट-तपकिरी असतो. तो मंद आचेवर तापवला की लाल होतो. दगडातल्या लोहाच्या जलयुक्त संयुगातले पाणी निघून जाते आणि लाल लोह ऑक्साइड उरते. मातीची वीट भट्टीत लाल का होते, या प्रश्नाचे उत्तर याच्याशी जवळचे आहे. वर्गात हे उदाहरण आवर्जून सांगावे.

मग दगड ठोकून आकार देणे, घासणे आणि छिद्र पाडणे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. मोहच्या काठिण्यश्रेणीत कार्नेलियनचा क्रमांक सुमारे सात. लोखंड चार-पाचच्या आसपास. म्हणजे नुसत्या लोखंडी सुईने यात छिद्र पडणार नाही. त्यासाठी दगडाहून कठीण काहीतरी हवे. गुजरातमध्ये खंभातचे कारागीर आजच्या काळातही धनुष्याने फिरवलेल्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवून हे काम करतात. मण्याच्या दोन्ही बाजूंनी छिद्र पाडत यायचे आणि मध्ये ती जुळवायची. जरा चूक झाली की कित्येक दिवसांची मेहनत फुकट.

काही मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी असते. ही रंगवलेली नाही. सोड्यासारख्या क्षाराचे लेपण करून मणी तापवला की लेपणाखालचा पृष्ठभाग कायमचा पांढरा होतो. हे तंत्र सिंधू संस्कृतीच्या काळापासून चालत आलेले आहे. लिहिता-वाचता येण्याचा पुरावा नसलेल्या कारागिरांनी ते हाताकडून हाताकडे जपले. शिक्षकांनी यावर थोडा विचार करावा असे आम्हाला वाटते.

याच काळात पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी होती. तेथील उत्खननात भट्टी आणि हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या. तेथील वस्तीत भात, गहू, जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणेही सापडले. म्हणजे एका गावात मणी, दुसऱ्यात लोखंड आणि सभोवार शेती. आज आपण ज्याला प्रादेशिक अर्थव्यवस्था म्हणतो, तिची ही जुनी आवृत्ती.

माहुरझरी येथेच थांबली नाही. वाकाटकांच्या काळातही येथे वस्ती आणि मण्यांचा व्यवसाय होता. वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण याचा, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरचा ताम्रपट याच गावी मिळाला. रामटेकजवळचे नगरधन, म्हणजे त्या काळचे नंदिवर्धन, ही राजधानी येथून फार दूर नाही.

जिवंत परंपरा

मृतांसाठी दगड उभारणे ही संपलेली गोष्ट आहे असे समजू नये. गडचिरोलीतील माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करतात. मेघालयात खासी लोकांच्या स्मारकशिळा प्रसिद्ध आहेत. इंडोनेशियाच्या सुंबा बेटावर तर खेड्याच्या मध्यभागी, घरांच्या अंगणातच, प्रचंड शिळांची थडगी असतात. शिळा ओढून आणायला सारा गाव लोटतो आणि त्या निमित्ताने जनावरांचे बळी व मोठे भोजन होते. शेकडो माणसे जमवण्याची आणि त्यांना जेवू घालण्याची ऐपत ज्याची, त्याचीच शिळा मोठी. सुंबाच्या लोकांचा माहुरझरीशी काही संबंध नाही. पण तेथील रीत पाहिली की आपल्या बरडावरच्या मुक्या गोट्यांमागे किती माणसे, किती बैल आणि केवढा समारंभ असेल, याची कल्पना येते.

वर्तुळे राहतील का?

शिळावर्तुळाला भिंत नाही, कळस नाही, देव नाही. पाहणाऱ्याला ते दगडांचे कोंडाळे वाटते. नांगराला अडतात म्हणून गोटे धुऱ्यावर टाकले जातात. मुरूम आणि गिट्टीसाठी माळ खणला जातो. नागपूर शहर पश्चिमेकडे वाढते आहे आणि बरडाचे भूखंड होत आहेत. जुनापाणीला एकेकाळी नोंदलेली कित्येक वर्तुळे आज जागेवर नाहीत. नागपूर जिल्ह्यातील बरीच वर्तुळस्थळे १९५८ च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळाच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या हाती थोडीच जमीन आहे, त्याला हे गोटे म्हणजे केवळ अडचण. त्यांचे मोल त्याला कोणी समजावून सांगितले नसेल, तर दोष एकट्या त्याचा कसा?

येथे शाळेचा उपयोग आहे. जवळच्या वर्तुळावर मुलांना न्यावे. उकरू नये, गोटा हलवू नये, मणी दिसला तरी उचलू नये; कारण जागेवरून हललेला मणी शोभेचा राहतो, पुरावा राहत नाही. फक्त मोजावे. वर्तुळाचे बरेच गोटे नाहीसे झाले असले तरी त्याची त्रिज्या काढता येते. उरलेल्या कमानीवरच्या दोन गोट्यांमध्ये दोरी ताणा; ही जीवा. तिच्या मध्यातून कमानीपर्यंतचे लंब अंतर मोजा. समजा, जीवा ८ मीटर आणि लंब अंतर २ मीटर आले. अर्ध्या जीवेचा वर्ग १६. त्याला लंब अंतराच्या दुपटीने, म्हणजे ४ ने भागले की ४. त्यात लंब अंतराचे निम्मे, १, मिळवले की त्रिज्या ५ मीटर. हे सूत्र पायथागोरसच्या प्रमेयावरून मुलांनीच सिद्ध करावे.

मग मुलांना नकाशा काढायला सांगावे : गोट्यांची संख्या, कोणता खडक, माती कोणती, पाणी किती लांब. असा नकाशा शाळेत आणि ग्रामपंचायतीत एकेक प्रत लावून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तो पुन्हा पडताळावा. एखादा गोटा हलला तर गावात कोणाच्या तरी ध्यानात येईल. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या ‘अजब बंगल्यात’, मुलांना नेले तर जुन्या वस्तू काचेआड पाहता येतात. पण त्या वस्तू ज्या जमिनीतून आल्या ती जमीन काचेआड ठेवता येत नाही. ती गावातच राखावी लागते, आणि ते काम त्या गावच्या मुलांइतके चांगले दुसरे कोणी करू शकेल असे आम्हाला वाटत नाही.