मालक नसलेले संघ

शाहूपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी फुटबॉलचा विषय निघतोच. परवा महिंद्रा युनायटेडची आठवण निघाली. २००५-०६ मध्ये या मुंबईच्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. बँकेत हयात गेलेल्या मला ते एखादे खाते बंद करावे तसे वाटले.

"आपल्या पाटाकडील, खंडोबा, दिलबहार तालमींना मालक नाही, पेठ आहे. म्हणून त्या टिकल्या," मी म्हणालो.

जुना सोबती हसला. "टिकल्या खरं, साहेब. पण ईर्ष्येपायी गॅलरीत हाणामाऱ्या झाल्या, खेळ मागं पडला. तेव्हा आपण काय करत होतो?"

मी निरुत्तर झालो. कंपनीला दोष देणे सोपे. इथे मालक आपणच होतो.