घरीं मोडलेला पाय आणि मालकाची हजेरीवही

मागावर काम करतांना मजुराचें बोट गेलें तर मालकानें भरपाई दिली पाहिजे, ही गोष्ट सोलापुरांतील कारखानदारांस नवी नाहीं. १९२३ सालचा भरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला, त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. परंतु तोच मजूर सुटीच्या दिवशीं आपल्या घराचे पत्रे नीट करण्यास वर चढला, घसरला आणि पाय मोडून बसला, तर त्याच्या चुलीचें तीन महिने काय व्हावें? हा प्रश्न निघाला कीं आमच्या शुक्रवार पेठेंतील पुष्कळ सज्जन व धर्मशील गृहस्थही हात झटकून म्हणतात, "घरीं पडला, त्यांत आमचा काय दोष?" दोष कांहींच नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण प्रश्न दोषाचा नाहींच. जो व्यापारी आपल्या चादरींच्या गठ्ठ्यांचा मालमोटारींतील प्रवासापुरता विमा उतरवितो, त्यास तरी हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. गठ्ठे भिजले असतां पाऊस कोणाच्या चुकीनें पडला असें कोणी विचारीत नाहीं.

कामाबाहेरील दुखण्याचा व दुखापतीचा भार वर्गणीनें वांटून घ्यावा, ही कल्पना जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कायद्यांत आणली. तेथें वर्गणीचे दोन वांटे मजुराचे व एक मालकाचा होता. इंग्लंडनें १९११ सालीं तोच मार्ग धरला. मात्र आपल्या ताब्यांतील हिंदुस्थानच्या मजुरासाठीं त्या राज्यकर्त्यांनीं तशी त्वरा दाखविली नाहीं. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखातें पाहत होते त्या काळांत, १९४३ सालीं, प्रा. बी. पी. आडारकर यांजकडे ही योजना आंखण्याचें काम आलें व १९४४ सालीं त्यांनीं आपला अहवाल दिला. कायदा झाला तो स्वराज्य आल्यावर, १९४८ सालीं. आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेस प्रारंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलांत येऊन जुन्या कायद्याची जागा तिनें घेतली. पण मालकाच्या कर्तव्याचा गाभा तोच राहिला आहे.

तो गाभा कोणता, हें आंकड्यांनींच पाहूं. १ जुलै २०१९ पासूनचा दर मालकास शेंकडा सव्वातीन व मजुरास शेंकडा पाऊण असा आहे. त्यापूर्वीं तो अनुक्रमें पावणेपांच व पावणेदोन होता. म्हणजे भार वाढल्याची जी ओरड आम्ही दुकानादुकानांतून ऐकतों, ती निदान दराच्या बाबतींत निराधार आहे. महिना १५,००० रुपये मिळविणाऱ्या मजुरामागें मालकाचे ४८८ व मजुराचे ११३, मिळून ६०१ रुपये भरावे लागतात. आतां दुसरी बाजू पाहा. त्याच मजुराची रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये धरली, तर पाय मोडून तो घरीं पडला असतां पहिले दोन दिवस वगळून त्यास मजुरीच्या शेंकडा ७० प्रमाणें रोज ३५० रुपये मिळतात, व हें साह्य वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत चालूं शकतें. ९१ दिवसांचे ३१,८५० रुपये होतात. शिवाय त्याच्यावर व त्याच्या कुटुंबावर औषधोपचार होतात ते वेगळेच. हा पैसा मालकाच्या तिजोरींतून जात नाहीं, निधींतून येतो. दरमहा ४८८ रुपये भरून मालकानें स्वतःपुढचा एक मोठा पेंच टाळलेला असतो. कारण पाय मोडलेला मजूर उचल मागण्यास अखेर त्याच्याच दारीं येऊन बसतो.

पण येथें एक मेख आहे आणि तिच्याकडेच आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मजूर फेब्रुवारींत पडला, असें समजा. त्यास पैसे मिळतील कीं नाहीं हें फेब्रुवारीच्या हजेरीवरून ठरत नाहीं. जानेवारी ते जून या मुदतींतील हक्कासाठीं मागील एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांची वर्गणी पाहतात, व त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. तसेंच जुलै ते डिसेंबरच्या हक्कासाठीं त्यापूर्वींचे ऑक्टोबर ते मार्च हे महिने पाहतात. म्हणजे पत्र्यावरून पडण्यापूर्वींच, उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत, मालकाच्या मुनिमानें वहींत काय लिहिलें यावर त्या घरची भाकरी अवलंबून असते. अपघाताची वार्ता कानीं आल्यावर धांवत जाऊन नांव चढविणारे दयाळू मालक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या दयेबद्दल आम्हांस शंका नाहीं. तिचा उपयोग मात्र झाला नाहीं.

मालकाच्या चुकीमुळें मजुराचा हक्क बुडाला, तर महामंडळानें मजुरास पैसे द्यावे व मालकाकडून वसूल करावे, अशी तजवीज जुन्या कायद्याच्या ६८ व्या कलमांत होती व ती संहितेंतही आहे. परंतु ती वाट कज्जाची. आणि कज्ज्याचा निकाल लागेपर्यंत सावकार थांबत नाहीं, हें सांगण्यास वकिलीची सनद लागत नाहीं.

याहून वाईट प्रकार दोन आहेत. पहिला असा कीं, कांहीं ठिकाणीं दोन्ही वांटे मजुराच्याच मजुरींतून कापले जातात. कायदा सांगतो कीं मालकानें आधीं दोन्ही वांटे स्वतः भरावे, मग मजुराचा पाऊण टक्का तेवढा मजुरींतून वळता करावा. स्वतःचा सव्वातीन टक्का त्याच्याकडून कोणत्याही रूपानें घेतां येत नाहीं. ठेकेदारामार्फत आणलेल्या माणसांविषयींही मुख्य मालकच प्रथम जबाबदार धरला आहे. दुसरा प्रकार म्हणजे कापलेला पैसा महिना संपल्यावर पंधरा दिवसांत न भरतां धंद्यांत फिरविणें. आमचे व्यापारी बंधू यास तंगीच्या दिवसांतील उसनवारी समजतात. भारतीय न्याय संहितेचें ३१६ वें कलम त्यास फौजदारी विश्वासघात समजतें. मजुरींतून वजा झालेली रक्कम ही मालकाकडे ठेवलेली परक्याची ठेव होय. देवळाच्या पेटींतील पैशास जो हात लावणार नाहीं, त्यानें हिलाही लावूं नये.

राहिली लहान कारखान्यांची गोष्ट. सोलापूर जेव्हां गिरण्यांचें गांव होतें, तेव्हां हजारों माणसें एका भोंग्यावर आंत जात व एकाच कचेरींत त्यांची हजेरी लागे. १९४९ सालीं जुनी गिरणी बंद पडली, तेव्हां सरकारास तिच्यासाठीं खास कायदा करावा लागला व तो वाद १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. गिरणीचें दुःख झांकून राहण्यासारखें नव्हतें. पुढें गिरण्या गेल्या आणि चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग शेडाशेडांतून विखुरले. दहा माणसांवर कायदा लागू होतो, म्हणून एकाच छपराखालीं भावाच्या नांवें आठ व वहिनीच्या नांवें आठ मजूर दाखविण्याची युक्ति कोणी काढली, तर तींत नवल नाहीं. अशी युक्ति न्यायालयांत टिकेलच असें नाहीं. वीज, माल, देखरेख व पैसा एकच असला तर दोन पाट्यांना फारसा अर्थ राहत नाहीं. पण तोंवर सोळा घरें उघडीं पडतात.

आमच्या मजूर बांधवांचीही एक तक्रार आहे, ती अशी कीं पैसा कापला जातो पण दवाखान्यांत रांगा असतात व औषध बाहेरून आणावें लागतें. जेथें ती खरी असेल तेथें तिची दाद लागलीच पाहिजे, व ती लावून घेण्यासाठीं मालकांनीं व मजुरांनीं मिळून तगादा करावा. वर्गणी दोघांचीही आहे. सोलापुरांत योजनेचें रुग्णालय आहे, तेव्हां जाब कोणास विचारावा याचा शोध करीत बसावें लागणार नाहीं. परंतु रांग लांब आहे, या कारणावरून नांवच न लिहिणें म्हणजे विहिरीस पाणी कमी म्हणून ती बुजविणें होय.

ज्यांच्या वहींत अजून नांवें चढावयाचीं आहेत, त्यांनीं तीं याच आठवड्यांत चढवावीं. औषधोपचार लगेच सुरू होतात. पण आज नोंदलेल्या नव्या मजुरास आजारपणाच्या रोख पैशावर हक्क सांगण्यास पुढें नऊ महिने जावे लागतात, आणि पत्रे दुरुस्त करण्याचे दिवस त्यापूर्वींच येतील.