बंगळूर, बाय टू!

"ताई, राजीनामा टाइप करून ठेवलाय. फक्त सेंड करायचं बाकी आहे."

माझी मावसबहीण. पक्की पुणेकर. बंगळूरला जाऊन तिला चौदा महिने झाले होते. पगार मस्त, काम बरं, बॉस चक्क माणसासारखा. मग प्रॉब्लेम काय? तर, "इथे माझं कुणीच नाही गं!" थोडं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की व्हाइटफील्डचा फ्लॅट, ऑफिसचं कॅन्टीन आणि रात्री मोबाइलवरून मागवलेला पनीर रोल, एवढंच बाईसाहेबांचं बंगळूर! समजूत घालणं वगैरे मला जमत नाही. खाणं मात्र उत्तम जमतं. तीन दिवसांची बॅग भरली आणि जाऊन धडकले.

शनिवारी सकाळी तिला अक्षरशः ओढून मेट्रोत बसवलं. व्हाइटफील्डहून पर्पल लाइन, मॅजेस्टिकला बदलून ग्रीन, आणि उतरायचं नॅशनल कॉलेजला. २०२३ मध्ये पर्पल लाइन थेट व्हाइटफील्डपर्यंत पोचल्यापासून 'ट्रॅफिक किती असतं' हे कारण चालत नाही. तासापेक्षा जास्त वेळ लागतो हे मान्य. पण उतरल्यावर जे शहर दिसतं ते वेगळंच! मोठाली झाडं, फुलवाल्या आणि सगळीकडे फिल्टर कॉफीचा वास.

पहिला मुक्काम शंकरपुरमचं ब्राह्मिन्स कॉफी बार. १९६५ पासूनचं हे एवढंसं दुकान. मेनू विचाराल तर इडली, वडा, खारा बात, केसरी बात आणि कॉफी-चहा. संपला! बसायला टेबल नाही, बशी हातात घेऊन फुटपाथवर उभं राहायचं. बहिणीने विचारलं, "सांबार?" सांबार मिळतच नाही इथे. मिळते ती चटणी, पातळ, हिरवट, झणझणीत, आणि पुन्हा पुन्हा जाऊन हवी तेवढी घ्यायची. तिसऱ्या वेळी बहीण स्वतःच गेली. (खारा बात म्हणजे आपला तिखट उपमा, केसरी बात म्हणजे शिरा. दोन्ही एका बशीत मागितलं की त्याला 'चौ चौ बात' म्हणतात. आपल्याला हे आधी का नाही सुचलं?)

तिथून चालत गांधी बाजार. १९४३ साली सुरू झालेलं विद्यार्थी भवन. वीकेंडला बाहेर नाव सांगून थांबावं लागतं, आणि खरी गंमत आत आहे. टेबल फक्त तुमचं नसतं. जागा असेल तिथे बसायचं, समोर कुणीही येतं. आमच्यासमोर आले एक निवृत्त आजोबा आणि त्यांची नात. मागून वेटर आला, हातावर डोशांच्या बश्यांची चळत, पार खांद्यापर्यंत! मी फोटो काढायच्या नादात, तर बहीण आजोबांशी गप्पा मारतेय. डोसा बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर ओघळणारं लोणी. आजोबांनी तिला पहिला कन्नड धडा दिला : 'साकु' म्हणजे पुरे. दुसरा डोसा मागवल्यामुळे तो शब्द वापरायची वेळ काही आली नाही.

रविवारी सकाळी लालबाग रोडवरचं एमटीआर, म्हणजे मवळ्ळी टिफिन रूम्स. १९२४ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा यांनी रव्याची इडली करून बघितली, आणि तीच आज आपण सगळीकडे खातो, असं एमटीआरवाले सांगतात. आणीबाणीत सरकारने पदार्थांचे दर इतके खाली बांधून दिले, की हॉटेल चालवणं परवडेना. मग ते तयार पिठं आणि मसाले विकायला लागले. तुमच्या-माझ्या घरातलं ते गुलाबजामचं पाकीट त्याच घराण्यातलं! (मसाल्यांचा धंदा २००७ मध्ये ऑर्क्ला या नॉर्वेच्या कंपनीकडे गेला, हॉटेलं मात्र कुटुंबाकडेच राहिली.) खरं सांगू? डोशापेक्षा मला तिथली रवा इडलीच आवडली. तुपासकट.

दुपारी नॉनव्हेज. बंगळूरमध्ये 'मिलिटरी हॉटेल' अशी पाटी दिसली तर घाबरू नका, तिथे मटण मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलमध्ये गेलो. नाव वाचून बहिणीची कॉलर ताठ! शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, आणि इथली कितीतरी जुनी मिलिटरी हॉटेलं मराठा कुटुंबांनी सुरू केलेली आहेत. इथली खासियत दोन्ने बिर्याणी. 'दोन्ने' म्हणजे चक्क आपला द्रोण! बारीक तांदूळ, पुदिना-कोथिंबिरीचा हिरवट रंग, हैदराबादीशी काही नातं नाही. लवकर जा, उशिरा गेलात तर संपलेली असते. शेजारच्या टेबलावरचे काका आमचं बोलणं ऐकत होते. अचानक मराठीत म्हणाले, "पुण्याच्या काय?" त्यांची मराठी कानडी हेलाची, मध्येच दोन शब्द कळत नव्हते. "तुम्ही मूळचे कुठले?" बहिणीने विचारलं. "इथलेच की! किती पिढ्या, ते कुणी मोजलंय?"

ती त्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

मायक्रोब्रुअरी, सुशी, वूडफायर्ड पिझ्झा हे सगळं इंदिरानगरमध्ये आहे, तुम्हाला ते माझ्याशिवायही सापडेल. मी सोमवारी संध्याकाळी तिला चर्च स्ट्रीटला नेलं. आधी ब्लॉसममध्ये जुनी पुस्तकं, मग इंडियन कॉफी हाउस. एम. जी. रोडवरची जुनी जागा २००९ मध्ये गेली आणि ते इथे आलं. फेटेवाले वेटर मात्र तेच. मी कॉफी मागवणार तोच बहिणीने हात वर केला, "बाय टू!" बंगळूरचा हा सगळ्यात गोड रिवाज. एक कॉफी, दोघांत अर्धी अर्धी. कुणाकडून शिकलीस म्हटलं, तर म्हणे त्या आजोबांच्या नातीकडून.

राजीनाम्याचा विषय मी काढला नाही. तिनेही नाही.

परवा एका सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी आठला तिचा फोन. मागे रिक्षांचा आवाज, चार-पाच जणांचा गलका.

"ताई, ऑफिसचे पाच जण घेऊन गांधी बाजारला आलेय. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असतं हे सांगायचं नाही का गं?"

म्हटलं, ब्राह्मिन्सला ने. चालत दहा-पंधरा मिनिटं. सांबार मागू नका म्हणावं.