अंगणातला माका

भाद्रपद जवळ आला की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून एक ठरलेली शोधाशोध सुरू होते. मूर्ती मिळते, मोदकाची पिठी मिळते, दूर्वा तर कुठेही मिळतात. अडते ते पत्रीपाशी. गणपतीला वाहावयाच्या एकवीस पत्रींच्या प्रचलित यादीत मालतीच्या पाठोपाठ नाव येते ते माक्याचे. गणपती उठले की पितृपक्ष लागतो. आपला हा भाद्रपदाचा वद्य पक्ष, आमच्या भोपाळच्या शेजाऱ्यांच्या पंचांगात तोच आश्विनाचा कृष्ण पक्ष. महिन्याचे नाव निराळे, पण पितर एकाच पंधरवड्यात येतात. त्या दिवसांत श्राद्धाच्या साहित्यात तुळशीशेजारी पुन्हा माका लागतो. एका महिन्यात देवालाही हवी आणि पितरांनाही हवी अशी ही वनस्पती; आणि तरीही आपल्यापैकी किती जणांना ती पाहताक्षणी ओळखता येईल, याची मला शंका आहे. शंकेचे कारण मी स्वतःच आहे.

आनंद नगरात आमच्या वडिलांनी घर बांधले तेव्हा रायसेन रस्त्याच्या या बाजूला घरांपेक्षा शेतेच अधिक होती. पावसाळ्यात घरामागच्या मोकळ्या जागेत पाणी साचे आणि त्या ओलीच्या काठाने माका आपोआप उगवे. आई सकाळी जाऊन चार डहाळ्या खुडून आणी. माका लावावा लागतो, ही कल्पनाच कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. पुढे त्या जागेवर घरे उठली, गल्लीत सिमेंट आले, आणि माका केव्हा नाहीसा झाला ते कोणालाच कळले नाही.

आईची दृष्टी अखेरच्या वर्षांत काचबिंदूने जवळजवळ गेली होती. त्या वर्षीच्या पितृपक्षात माका आणण्याचे काम माझ्याकडे आले. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांची एक खरखरीत वनस्पती दिसली. मूठभर तोडून मी आईच्या हातात दिली. तिने फुलाच्या लांबलचक देठावरून बोटे फिरवली, एक पान तळहातावर चुरडले आणि माझ्या मुलीला विचारले, ‘‘बघ गं, काळा पडला का हात?’’ मुलगी म्हणाली, ‘‘नाही, आजी. नुसता हिरवा आहे.’’ आई शांतपणे म्हणाली, ‘‘मग ही एकदांडी. माका नव्हे.’’ वर्गात ‘भृंगराज’ शब्दाची फोड करून सांगणारा मी मराठीचा एम. ए., आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या आईने माझी चूक केवळ बोटांनी दाखवून दिली!

आईची ती परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. माक्याचे पान किंवा कोवळा दांडा चुरडला असता निघणारा रस हवा लागताच काळपट होऊ लागतो आणि बोटांवर डाग ठेवतो. या रसाचा उपयोग पूर्वी गोंदण्यासाठीही करीत. एकदांडीच्या रसाला हा गुण नाही.

माका सूर्यफुलाच्या कुलातला. शेवंती, झेंडू आणि साहेबाची डेझी यांचा सख्खा भाऊबंद. या कुलात आपण ज्याला एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचे संमेलन असते. त्याला स्तबक म्हणतात. माक्याचे स्तबक जेमतेम शर्टाच्या बारीक बटणाएवढे. कडेला पांढऱ्या, दोऱ्यासारख्या अरुंद किरणपुष्पकांची दाट झालर आणि मध्ये पांढुरक्या बिंबपुष्पकांची टिकली. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, जवळजवळ देठाविना, आणि आखूड राठ केसांमुळे खरखरीत. दांडा बहुधा तांबूस, जमिनीला टेकेल तेथे पेरापेराला मुळे फुटतात. एकदांडीचे फूल मात्र एका लांब, पर्णहीन दांड्यावर एकटेच उभे असते. तिच्या मध्यभागी पिवळी टिकली आणि भोवती टोकाशी दातेरी अशा मोजक्याच पांढऱ्या पाकळ्या. नावच एकदांडी, हे मला त्या दिवशी आठवले नाही.

वनस्पतिशास्त्रात माक्याला ‘एक्लिप्टा प्रोस्ट्राटा’ म्हणतात. ‘एक्लिप्टा’ हे नाव उणेपणा दाखवणाऱ्या ग्रीक शब्दावरून आले. या कुलातील पुष्कळ झाडांच्या बियांना वाऱ्यावर तरंगण्यासाठी केसांचा झुबका असतो. माक्याच्या बीला तो नाही. या उणेपणातच आमच्या गल्लीतल्या माक्याची कहाणी दडली आहे. एकदांडीचे बी वाऱ्यावर उडत येऊन सिमेंटच्या फटीतही रुजते. माक्याचे बी झाडाखालीच पडते. पुढे जाते ते पाण्याबरोबर किंवा चिखलाबरोबर. ओल आटली, जमीन बुजली की त्याचा वंश तेथेच खुंटतो. तो आपण होऊन परत येत नाही. त्याला कोणीतरी आणावा लागतो.

हे झाड मूळचे कोणत्या खंडातले याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते त्याचे माहेर अमेरिका खंडात. परंतु आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांना भृंगराज आणि मार्कव ही नावे परिचित आहेत, आणि ‘मार्कव’ याच शब्दापासून आपला ‘माका’ आला असे मानतात. इतकी शतके आपल्या बांधावर आणि आपल्या देवघरात नांदलेल्या वनस्पतीला परकी कोण म्हणेल?

आई गेल्यानंतर तिचे वर्षश्राद्ध झाले आणि पुढच्या पितृपक्षात तिच्या तिथीला घरचाच माका असावा असे मनाने घेतले. प्रथम एका रोपवाटिकेत गेलो. ‘‘माका आहे का?’’ असे विचारताच माळ्याने मक्याच्या बियाण्याची पिशवी पुढे केली. चूक त्याची नव्हती. येथे माक्याला भांगरा म्हणतात. मग भृंगराज म्हणून मागितला, तर पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी एक वेल मिळाली. ती शोभेची अमेरिकन वनस्पती निघाली. पिवळा माका म्हणून आयुर्वेदाला ठाऊक असलेली वनस्पती खरोखरच आहे, पण ती ही नव्हे. आणि पूजेला लागतो तो पांढऱ्या फुलाचाच.

अखेर परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या धानाच्या बांधावर खरा माका भेटला. तळहातावर चुरडून पाहिला, हात काळा झाला, आणि खरे सांगतो, मोठा आनंद झाला. पिकलेली बोंडे कागदात बांधून आणली. घरी कुंडीत बोटभर खोल खड्डे करून बी पेरले, पाणी घातले. पंधरा दिवस गेले, महिना गेला. एकही कोंब आला नाही. पुढे वाचनात आले की माक्याच्या बीला रुजण्यासाठी उजेड लागतो. अर्ध्या सेंटिमीटरइतकी माती वर पडली तरी ते उगवत नाही. मी बी पेरले नव्हते, पुरले होते.

दुसऱ्या वर्षी साधले. ते कसे, हे लावू इच्छिणाऱ्यांसाठी सविस्तर सांगतो.

पसरट तोंडाची कुंडी घ्यावी. आमच्याकडची काळी माती माक्याला मानवते. तिच्यात निम्मे कुजलेले शेणखत मिसळावे. पहिला पाऊस पडून उकाडा टिकून आहे अशा वेळी, म्हणजे जूनअखेर ते जुलैत, माती नीट भिजवून बी वर नुसते भुरभुरावे आणि हाताने हलके दाबावे. वर माती घालू नये. पाणी झारीनेही घालू नये, बी वाहून जाते. ओल्या फडक्याने किंवा फवाऱ्याने माती दमट ठेवावी. रोपे चार पानांची झाली की वितीच्या अंतराने ठेवून बाकीची दुसरीकडे लावावीत. बी नसेल तर याहून सोपा उपाय म्हणजे चार-पाच पेरांचा तुकडा ओल्या मातीत आडवा दाबणे. दमट हवेत त्याला लवकरच मुळे फुटतात.

ऊन भरपूर हवे आणि पाय सतत ओले हवेत, एवढीच माक्याची मागणी. कुंडीखाली ताटली ठेवावी. पण साचलेल्या पाण्यात डासांची वीण होते, म्हणून ताटलीत वाळू भरावी म्हणजे ओल राहते आणि पाणी उघडे राहत नाही. भाद्रपदापर्यंत झाड फुलावर येते. तोडताना मुळासकट उपटू नये. खालची दोन-तीन पेरे ठेवून वरचे कापावे, पुन्हा फूट येते. थंडीत वाढ मंदावते. आमच्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कुंडी दुपारच्या सावलीत हलवावी. झाड वाळलेच तर खेद करू नये. पाकळ्या गळून राहिलेली हिरवी बोंडे तपकिरी-काळी झाली की बी कागदाच्या पुडीत जपून ठेवावे आणि थोडे कुंडीतच पडू द्यावे.

दोन इशारे अवश्य लक्षात ठेवावेत. पहिला असा की शहरात माका दिसतो तो बहुधा सांडपाण्याच्या नाल्याकाठी. तेथील माका पूजेलाही आणू नये, मग तेलाला किंवा औषधाला कोठला! दुसरा इशारा गाजर गवताविषयी. हेही याच कुलातले, बारीक पांढऱ्या फुलांचे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. पाने गाजरासारखी खोल कापलेली असतात. त्याच्या संपर्काने अनेकांना त्वचेचा त्रास होतो, आणि परागांमुळे श्वासाचाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पत्री समजून ते उघड्या हातांनी गोळा केले. गणपतीचे सगळे दिवस त्यांनी मलम लावीत काढले. जबलपूरच्या खरपतवार संशोधन संस्थेने हे गवत आवरण्यासाठी मोठे काम केले आहे. पण अंगणातले गवत ओळखणे आपल्यालाच शिकले पाहिजे.

तेलाविषयी गृहिणी विचारतील. आईची रीत अशी: चार वाट्या माक्याच्या रसाला एक वाटी तिळाचे तेल. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, ढवळत, रसातील पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायचे. तळाचा गाळ बोटांनी वळला असता त्याची वात झाली आणि ती विस्तवावर धरता तडतडली नाही, की तेल सिद्ध झाले. पिकलेले केस त्याने काळे होतात ही समजूत मात्र धरू नये. रंग लागतो तो हाताला. कावीळीवर माक्याचा रस देण्याची परंपरा आहे, परंतु रोग्यावर घरी प्रयोग करू नयेत, वैद्य-डॉक्टरांना विचारावे.

हा अंक भोपाळबाहेरही पुष्कळ घरांत जातो, म्हणून नावे देतो. गुजरातेत भांगरो, बंगालात केशुत, कर्नाटकात गरुग, आंध्र-तेलंगणात गुंटगलगर, केरळात कय्योन्नी. तमिळनाडूत करिसलांकण्णि, तेथे त्याची पालेभाजीही करतात. नाव कोणतेही सांगा, पण परीक्षा तळहातावरच घ्या.

त्या वर्षी आईच्या तिथीला कुंडीतल्या माक्याच्या डहाळ्या मीच खुडल्या. गुरुजींनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘‘बऱ्याच वर्षांनी ताजा माका पाहतो आहे. एखादा तुकडा मिळेल का?’’ त्यांना पाच पेरांचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. तेव्हापासून दर पावसाळ्यात असे तुकडे आमच्या घरून जातात. आनंद नगरात आता सात घरांत माका आहे. आमच्या शाळेच्या बागेतही, नळाजवळच्या ओलीत, एक वाफा आहे. माळीबुवांनी पहिल्यांदा तो गवत म्हणून उपटला होता. आता त्यांच्याकडून तशी चूक होत नाही, कारण सहावीच्या मुलांनी त्यांच्याच तळहातावर पान चुरडून त्यांना माका शिकवला.

आईने माझ्या मुलीला विचारलेला प्रश्न आता ती मुले एकमेकांना विचारतात, ‘‘काला पडा क्या?’’ भाषा हिंदी आहे. परीक्षा मात्र आईचीच.