भाकरीतलं लोह आणि रक्तातलं लोह

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात लहान मुलांच्या लोहाच्या कमतरतेवर काम करायचं म्हटलं, की पहिला विचार हमखास ज्वारीचा येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण प्रसारित केलं. त्यात किलोमागे साधारण ४५ मिलिग्रॅम लोह, नेहमीच्या ज्वारीत ३०च्या आसपास. दीडपट! मग काय, मुलांना ही भाकरी द्या, सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासा, प्रबंध तयार.

आधी हिशोब करू. दोन वर्षांचं लेकरू रोज ५० ग्रॅम पिठाची भाकरी खातं असं धरा (तेवढी खाल्ली तरी आई खूश). साध्या ज्वारीतून दीड मिलिग्रॅम लोह मिळेल, ‘शक्ती’तून सव्वादोन. म्हणजे आठवड्याला सव्वापाच मिलिग्रॅम जास्त. त्यातही ज्वारीतलं फायटेट लोह धरून ठेवतं, त्यामुळे अंगी लागतं ते थोडंच. भाकरी चहात कुस्करून दिली तर शोषण आणखी घटतं. वरणावर लिंबू पिळलं तर वाढतं.

आता ‘ॲनिमिया मुक्त भारत’मधलं सिरप बघा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली, दर वेळी २० मिलिग्रॅम लोह. आठवड्याला ४०! म्हणून भाकरीकडे प्रतिबंध म्हणून बघायचं. ज्या मुलाचं रक्त आधीच कमी आहे त्याला डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलं औषधच लागतं.

दुसरी अडचण मोजमापाची. देशपातळीवर २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लहान मुलांमधला ॲनिमिया ५८.६ टक्के निघाला. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, १ ते ४ वयोगटात, ४१ टक्के. वयोगट थोडे वेगळे आहेत, पण मोठा फरक रक्त घेण्याचा: पहिल्यात बोट टोचून, दुसऱ्यात शिरेतून. शिवाय लोह कमी असूनही हिमोग्लोबिन काही काळ टिकून राहतं. साठा कळायला फेरिटिन हवं, आणि जंतुसंसर्गात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत सीआरपी.

आणि एथिक्स कमिटी हे विचारणारच: साध्या भाकरीच्या गटातलं एखादं मूल पहिल्याच तपासणीत ॲनिमिक निघालं तर? त्याला लगेच उपचाराला पाठवायचं. नमुन्याची संख्या ठरवतानाच ही गळती धरून चला.