देहाबाहेर ३७ अंश
प्रयोगशाळेतील उपकरणे : लेखांक ६

गेल्या आठवड्यात मायक्रोपिपेट पाहिले. आजचे उपकरण दिसायला त्याहून साधे आहे. स्टीलची एक पेटी, आत जाळीचे कप्पे, बाहेर दोन आकडे दाखवणारा पडदा : ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के. हा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर. मूलपेशींच्या प्रयोगशाळेतले सर्वांत मोलाचे यंत्र मी यालाच म्हणेन. सूक्ष्मदर्शक बंद पडला तर शेजारच्या विभागात जाऊन काम भागवता येते. इन्क्युबेटर रात्रीतून बंद पडला तर कित्येक आठवडे जपलेल्या पेशी सकाळी हाती लागत नाहीत.

३७ अंश का, हे सांगायला नको. ते आपल्याच शरीराचे तापमान आहे. कोडे पडते ते ५ टक्क्यांचे. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. मग पेशींना शंभरपटीहून अधिक कशासाठी? हा वायू पेशींचे खाद्य आहे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये अनेकदा आढळतो. तो खरा नाही. पेशींचे खाद्य, म्हणजे ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, हे सगळे त्या ज्या द्रवात वाढतात त्यात असते. प्रयोगशाळेत त्याला ‘मीडिया’ म्हणतात. वायूचे काम आहे या मीडियाची आम्लता सांभाळण्याचे.

आपल्या रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास टिकतो, तो मुख्यतः बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या समतोलामुळे. मीडियातही सोडियम बायकार्बोनेट घालून तीच व्यवस्था उभी केलेली असते. पण उघड्या हवेत विरघळलेला वायू निसटून जातो आणि मीडिया अल्कधर्मी होऊ लागतो. भोवतालच्या हवेतच ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवला की जितका निसटतो तितकाच परत विरघळतो, आणि पीएच जागेवर राहतो.

हे सगळे डोळ्यांना दिसते, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मीडियात फिनॉल रेड नावाचे रंजकद्रव्य असते. पीएच ठीक असेल तर रंग लालसर. फ्लास्क बराच वेळ बाहेर राहिला, किंवा सिलिंडर संपला, तर तो गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो. पेशी दाटीने वाढून लॅक्टिक आम्ल साठले, किंवा जिवाणू शिरले, तर पिवळा. मुरलेला संशोधक दार उघडताच रंगावरून अर्धी बातमी वाचतो.

तळाशी पाण्याचा ट्रे असतो. आतली हवा दमट राहिली नाही तर मीडियातले पाणी उडते, क्षारांचे प्रमाण वाढते आणि पेशी आक्रसतात. पण उबदार, दमट जागा बुरशीलाही प्रिय. आपल्याकडे पावसाळ्यात ही डोकेदुखी वाढते. म्हणून ट्रेमधले निर्जंतुक पाणी वेळच्या वेळी बदलणे, कप्पे अल्कोहोलने पुसणे ही कामे संशोधनाइतक्याच निष्ठेने करावी लागतात. काही इन्क्युबेटरांना आतून तांब्याचे अस्तर असते, कारण तांब्यावर सूक्ष्मजीव सहसा तग धरत नाहीत.

बुरशी निदान दिसते. मायकोप्लाझ्मा दिसतही नाही. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी ठरते. मीडिया गढूळ होत नाही, पेशी वाढत राहतात, फक्त त्यांचे वागणे बदलते आणि निष्कर्ष चुकतात. त्यासाठी अधूनमधून पीसीआर चाचणी करणे हाच भरवशाचा मार्ग.

मूलपेशींच्या बाबतीत ही काटेकोर निगा आणखी लांबते. क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांच्या गटाने २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूलपेशींसारखे केले. मानवी पेशींमध्ये तशा वसाहती दिसायला सुमारे २५ दिवस लागले. एवढा काळ तापमान, वायू, ओलावा यांतले काहीही ढळून चालत नाही. मानवी मूलपेशींचा मीडिया बहुतेक ठिकाणी रोज बदलतात, मग रविवार असो वा लक्ष्मीपूजन. संशोधनाच्या बातम्यांत हे कष्ट कधी येत नाहीत, यायला हवेत.

या पेटीत इतकी वर्षे एक विसंगती मात्र राहिली. साध्या इन्क्युबेटरात ऑक्सिजन हवेतल्याइतकाच, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास असतो. शरीरात पेशींच्या वाट्याला त्याहून खूपच कमी येतो. अस्थिमज्जेत, जिथे रक्ताच्या मूलपेशी राहतात, तिथे तर फारच थोडा. नव्या इन्क्युबेटरांत म्हणून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली आणतात. यामानाकांच्याच गटाने २००९ मध्ये दाखवले की ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणल्यास अशा मूलपेशी अधिक संख्येने तयार होतात.

पुढील लेखांकात : उणे १९६ अंशांवरचा द्रवरूप नायट्रोजन आणि त्यात गोठवून ठेवलेल्या जिवंत पेशी.